कापूस पांढरा दिसला पाहिजे

एक्स्पोजर समजावून सांगणारा प्रत्येक माणूस बादलीपासून सुरुवात करतो. नळ किती उघडला ते अपर्चर, किती वेळ उघडा ठेवला ते शटर, आणि बादली केवढी ते आयएसओ. बादली काठोकाठ भरली की एक्स्पोजर बरोबर. जालन्यात राहणाऱ्या बाईला हे उदाहरण देऊ नये. आमच्याकडे नळाला पाणी आलं की घरातलं हंडा-कळशीपासून तांब्यापर्यंत सगळं भरून ठेवायचं असतं. नळ अर्धाच उघडण्याचा विचार कुणाच्या डोक्यात येत नाही. शिवाय उदाहरण कळलं म्हणून फोटो येतो असं नाही. माझे तरी येत नव्हते.

कॅमेरा भाच्याचा. तो नोकरीला पुण्याला गेला, भारीतला मोबाइल घेतला, आणि निकॉनचा जुना डीएसएलआर, त्याच्या १८-५५च्या लेन्ससकट, "मावशी, तुझ्याकडे पडू दे" म्हणून ठेवून गेला. मी शाळेत भूगोल शिकवते. पर्जन्यछायेचा प्रदेश आणि समोच्च रेषा पोरांच्या गळी उतरवायची सवय असल्यामुळे तीन आकड्यांचा मेळ घालणं आपल्याला काय जड जाणार, अशा थाटात मी वरची चकती ऑटोवरून एमवर, म्हणजे मॅन्युअलवर, फिरवली. अंगणातल्या तुळशीचा फोटो काळाठिक्कर आला. आकडे उलटे फिरवले तर वृंदावनच गायब, नुसता पांढरा कागद.

पहिलं कोडं अपर्चरचं. आकडा वाढला की भोक लहान होतं. "ते तसंच असतं, पाठ करून टाक," भाचा फोनवर म्हणाला, आणि 'पाठ कर' म्हटलं की माझ्यातली मास्तरीण बिथरते. वही घेऊन बसले तेव्हा उलगडा झाला. तो आकडा मुळात अपूर्णांकाचा छेद आहे. ५० मिलिमीटरच्या लेन्सवर एफ २ म्हणजे ५० भागिले २, अर्थात २५ मिलिमीटर व्यासाचं भोक. एफ ८ म्हणजे सव्वासहा मिलिमीटर. छेद मोठा, तुकडा लहान. प्राथमिक शाळेचं गणित. मग २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ ही वेडीवाकडी शिडीही सरळ दिसू लागली. दर पायरीला व्यास साधारण १.४ पटीने घटतो, म्हणून भोकाचं क्षेत्रफळ निम्मं होतं आणि प्रकाशही निम्मा. शटर १/६०, १/१२५, १/२५० असं निम्म्यानेच उतरतं, आयएसओ १००, २००, ४०० असं दुपटीने चढतं. तिन्हीकडे दुप्पट नाहीतर निम्मं, आणि त्या एका पायरीला सगळे 'स्टॉप' म्हणतात. एकीकडे एक स्टॉप घटवला की दुसरीकडे एक वाढवायचा. एवढं एका संध्याकाळीत कळतं, त्याचा बाऊ करण्यात अर्थ नाही.

पण हिशेब पक्का होऊनही कॅमेरा माझं ऐकेना. शटर १/६० वरून १/१००० वर नेलं, म्हणजे चार स्टॉप प्रकाश कापला, तरी फोटो जसाच्या तसा उजळ. एफ ३.५ लावून झूम केलं की आकडा माझ्या देखत ५.६ व्हायचा. त्यात डोळा लावला की आत मीटरची एक पट्टी दिसते, मध्ये शून्य आणि दोन्ही बाजूंना काड्या. ती शून्यावर आणायची एवढं ठाऊक होतं, पण जुन्या निकॉनमध्ये अधिक डावीकडे आणि उणे उजवीकडे असतं, आणि मी जे व्हिडिओ बघत होते ते सगळे कॅननवाल्यांचे. त्यांचं बरोब्बर उलट. मी प्रकाश वाढवायला जायचे आणि काडी भलत्याच दिशेला पळायची.

सदर बाजारात एक जुना स्टुडिओ आहे. पासपोर्ट फोटो, लॅमिनेशन, लग्नाच्या ऑर्डरी. मालकांना सगळे काका म्हणतात, मीही. त्यांनी कॅमेरा हातात घेतला, मेनूत शिरले आणि हसले. "मॅडम, हे ऑटो आयएसओ चालू ठेवलंय कुणीतरी. तुम्ही उजेड कमी करू लागल्या, अन् हा मागून वाढवू लागला. मग कामून फरक पडंल?" लेन्सचंही त्यांनीच सांगितलं. ही स्वस्तातली लेन्स १८ वर ३.५ पर्यंत उघडते, ५५ वर तिची धाव ५.६ पर्यंतच. त्यात बिघाड काही नाही, बांधणीच तशी. अधिक-उण्याच्या पट्टीबद्दल मात्र ते म्हणाले, "ती पट्टी बघूच नका महिनाभर."

काका रोलच्या जमान्यातले. त्यांच्या वडिलांकडे आग्फाचा क्लिक थ्री होता, त्यावर सूर्य आणि ढग अशा खुणा होत्या. बघायचं वर आभाळाकडे आणि खूण जुळवायची. पुढे काकांनी स्वतःचा कॅमेरा घेतला तेव्हाही फिल्मच्या खोक्यासोबत येणाऱ्या कागदावर ऊन, पातळ ढग, दाट ढग, सावली अशी चित्रं आणि समोर आकडे असायचे. त्यांनी मला तेच शिकवलं. कडक उन्हात एफ १६ ठेवायचं आणि शटर आयएसओच्या जवळपास: आयएसओ १०० असेल तर १/१२५. पातळ ढग आले की एफ ११, आभाळ भरून आलं की ८, दाट कोंदलं की ५.६, आणि उन्हातून भिंतीच्या सावलीत सरकलं की ४. जगभर याला 'सनी सिक्स्टीन' म्हणतात. मे महिन्यात जालन्यात शिकायला हा नियम उत्तम, कारण सकाळी नवापासून संध्याकाळी चारपर्यंत ऊन एकाच मापाचं. मोती तलावाच्या बांधावर, मोंढ्यात, बसस्टँडसमोर, मीटरकडे न बघता काढलेले फोटो बरोबर येऊ लागले. यात गंमत अशी की मी काय समोर ठेवतेय याची त्या नियमाला फिकीरच नव्हती. मोंढ्यातला मोसंबीचा ढीग असो की हमालाच्या पाठीवरचं पोतं, उन्हात आहे ना, मग १६. याचं मर्म पुढे कापसात कळलं.

कापूस फुटायला लागला तेव्हा एका विद्यार्थिनीच्या घरच्यांनी शेतावर बोलावलं. घनसावंगीकडचं रान, काळी भारी जमीन, पऱ्हाटी कमरेपर्यंत. दव वाळलं की बायका वेचणीला लागतात. कमरेला ओटी बांधलेली, दोन्ही हात बोंडांवर, आणि तोंडाने गावभरच्या बातम्या. एव्हाना माझा महिना संपला होता आणि पट्टीवरचा बहिष्कार उठला होता. उभं राहून अख्ख्या शेताचा फोटो काढला, काडी शून्यावर. झकास आला. मग ओटीतून ओतलेल्या कापसाच्या ढिगाजवळ वाकले, चौकट कापसाने भरून घेतली, पुन्हा काडी शून्यावर आणली. कापूस करडा. धुराने माखलेल्या भिंतीसारखा. ऊन तेच, कॅमेरा तोच, काडी दोन्ही वेळा शून्यावर, आणि चार पावलांच्या अंतरात पांढऱ्याचा करडा झाला. तिथेच पांदीला एक म्हैस बांधलेली होती. गंमत म्हणून तिचा फोटो घेतला, काडी शून्यावर. म्हैसही करडी.

संध्याकाळी काकांना तिन्ही फोटो दाखवले. ते मिनिटभर काही बोलले नाहीत, मग कापूस आणि म्हैस स्क्रीनवर आलटून पालटून दाखवू लागले. दोन्ही एकाच रंगाचे. "याला काय माहीत ही म्हैस आहे का सरकी? याला फक्त उजेड कळतो."

कॅमेऱ्याचं मीटर वस्तूवरून परत फिरलेला प्रकाश मोजतं. तो प्रकाश पडलेला किती होता आणि वस्तूने गिळला किती, हे त्याला कळायला मार्ग नाही. म्हणून बनवणाऱ्यांनी एक गृहीत धरून ठेवलं आहे: जगातलं सगळं मिळून मिसळून साधारण मध्यम करडं असतं. छापील करड्या कार्डावर १८ टक्के हा आकडा लिहिलेला असतो तो हाच. आलेल्या प्रकाशापैकी तेवढा परत करणारा रंग. काडी शून्यावर येते याचा अर्थ 'एक्स्पोजर बरोबर' असा नाही. 'समोरचं जे आहे ते मी मध्यम करडं करून देईन' एवढंच ती काडी सांगते. कापूस त्याहून कितीतरी जास्त प्रकाश परत करतो, म्हणून कॅमेरा त्याला दाबतो. म्हैस फार कमी परत करते, म्हणून तिला उजळवतो. अख्ख्या शेताचा फोटो बरा आला त्यात माझं कर्तृत्व शून्य होतं. काळी माती आणि पांढरी बोंडं यांची सरासरी योगायोगाने करड्यावर बसली होती. आणि सनी सिक्स्टीन चुकत नाही ते का, तेही इथे उलगडलं. तो नियम पडणाऱ्या उन्हाचं माप धरतो, कोणावर पडलं ते विचारत नाही.

काकांनी एक तोड सांगितली. ज्या उजेडात कापूस आहे त्याच उजेडात आपला तळहात धरायचा, चौकट तळहाताने भरायची, काडी शून्यावर आणायची आणि तिथून एक स्टॉप वर जायचं. माणूस काळा असो की गोरा, तळहात बहुतेकांचा सारखाच असतो, करड्यापेक्षा साधारण एक स्टॉप उजळ. पुढच्या सुट्टीला पुन्हा शेतावर गेले. कापसावर मीटर धरलं तर एफ ८ ला १/१००० म्हणत होतं. तळहातावर १/५००. एक स्टॉप वर म्हणजे १/२५०. त्यावर घेतला आणि कापूस पांढरा आला, धाग्यांसकट, मध्ये अडकलेल्या वाळक्या पत्तीच्या कचऱ्यासकट. कापूस वेचणाऱ्या एकीने दुसरीला हाक मारून सांगितलं, "मॅडम हाताचाच फोटो काढू लागल्या गं."

हे तत्त्व काही काकांनी शोधलेलं नाही. अमेरिकेतले छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९३९-४०च्या सुमारास याची नीट पद्धत बसवली, झोन सिस्टिम नावाची. गडद काळ्यापासून कोऱ्या पांढऱ्यापर्यंत रोमन आकड्यांचे झोन, शून्यापासून दहापर्यंत, आणि बरोबर मध्ये पाच म्हणजे मीटरचा करडा. पुढचं काम छायाचित्रकाराचं. समोरच्या वस्तूला कोणत्या झोनमध्ये बसवायचं ते त्याने ठरवायचं. कापूस सात-आठवर, म्हैस तीनवर. ही पद्धत वाचल्यावर मॅन्युअल शिकायचं म्हणजे नेमकं काय, ते मला पहिल्यांदा कळलं. बादली काठोकाठ भरणं हे एक्स्पोजर नव्हेच. ती किती भरायची हे आधी कुणीतरी ठरवावं लागतं, आणि ऑटोवर ते ठरवणारा समोरची वस्तू न बघता ठरवतो.

तीन नंबरचा झोन शोधत भोकरदन तालुक्यातल्या अन्व्याला गेले. तिथलं मढ, म्हणजे जुनं दगडी शिवमंदिर, आमच्या जिल्ह्यात असूनही जिल्ह्यातल्याच लोकांनी फारसं पाहिलेलं नसतं, ही माझी जुनी तक्रार. बाहेरच्या भिंतीवर मूर्ती, आत सभामंडपाच्या खांबांवर बोट घालून बघावं असं बारीक काम. दगड अर्थात आपला बेसॉल्ट. दख्खनच्या लाव्ह्याचे थर मी वर्षानुवर्षं फळ्यावर काढते, पण तो दगड ऊन किती पितो हे मला कॅमेऱ्याने सांगितलं. काडी शून्यावर ठेवून काढलेल्या फोटोत मढ सिमेंटचं वाटत होतं, कालपरवा गिलावा केल्यासारखं. दीड स्टॉप खाली आणलं आणि दगड पुन्हा दगड झाला. कोरीव कडांवर ऊन, खोबणीत सावली.

खरी पंचाईत आत होती. बाहेर उन्हात माझे आकडे आयएसओ २००, एफ ८, १/८०० असे होते. मंडपात शिरले तर आयएसओ ८००, एफ ४, १/६०. हिशेब करून बघा: अपर्चरचे दोन, आयएसओचे दोन आणि शटरचे जवळपास चार, असे मिळून आठेक स्टॉप. आठ वेळा दुप्पट म्हणजे अडीचशे पट. गाभाऱ्याच्या दाराशी गेले तर आणखी चार स्टॉप अंधार. शटर पाव सेकंदावर. डोळ्याला यातलं काहीच जाणवत नाही. तो आत शिरल्यावर क्षणभर बिचकतो आणि मग बाहेरची झाडं आणि आतले खांब एकाच वेळी बघतो. कॅमेऱ्याला ते झेपत नाही. खांब दिसावेत असं एक्स्पोजर ठेवलं की दारातून दिसणारं आवार पांढरंफटक जळतं. आवार सांभाळलं की खांब काळ्या सावल्या. दोन्ही हवं असेल तर दुपारी न येता सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर यायचं, एवढा एकच प्रामाणिक उपाय मला सापडला. संगणकावर तीन फोटो जोडतात म्हणे. ते मला अजून जमत नाही, आणि जोडलेले बरेच फोटो कॅलेंडरसारखे दिसतात.

पाव सेकंद हातात धरून फोटो येत नाही. ५० मिलिमीटरला निदान १/५० हवं असा ठोकताळा आहे. संरक्षित स्मारकात ट्रायपॉड लावायचा तर परवानगी काढावी लागते. शेवटी कॅमेरा दगडी कठड्यावर ठेवला, खाली ओढणीची घडी सारली, दोन सेकंदांचा टायमर लावला आणि हात काढून घेतला. वाट बघताना रॉबर्ट गिल आठवला. अजिंठा इथून फार लांब नाही. हा लष्करी अधिकारी १८४४ पासून तिथल्या चित्रांच्या नकला करत होता. त्याच्या बऱ्याचशा नकला १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळून गेल्या. मधल्या काळात त्याने कॅमेराही हाती घेतला होता, आणि १८६४ मध्ये जेम्स फर्ग्युसनच्या लेण्यांवरच्या पुस्तकात त्याची ७४ छायाचित्रं आली. त्या वेळी कॅमेऱ्यात मीटर नव्हतं, आणि फोटो कसा आला हे पाठीमागच्या पडद्यावर बघायची सोयही नव्हती. लेण्यांचा अंधार त्याने कोणत्या अंदाजाने मोजला असेल?

पडद्याचंही एक सांगायला हवं. तो खोटं बोलतो. दुपारच्या उन्हात त्यावर प्रत्येक फोटो काळपट दिसतो म्हणून आपण वाढवत जातो, आणि घरी येऊन बघावं तर सगळं उडालेलं. रात्री उलट. विश्वास ठेवावा तो हिस्टोग्रामवर. डावीकडे काळं, उजवीकडे पांढरं, आणि आलेख उजव्या भिंतीला जाऊन चिकटला की तिथला तपशील कायमचा गेला. आलेख वाचणं हा माझा धंदा असल्यामुळे हे एक तेवढं पहिल्या दिवसापासून जमलं.

माणसांचे फोटो काढायला लागले तेव्हा मात्र हिशेबाच्या बाहेरचं प्रकरण सुरू झालं. बदनापूरकडच्या एका गावात लिंबाखाली बसलेले एक आजोबा: पांढरी टोपी, पांढरं धोतर, उन्हातान्हात रापलेला चेहरा. मीटर टोपीवर धरलं तर चेहरा हरवतो. स्पॉट मीटर लावून चेहऱ्यावर धरलं आणि काडी शून्यावर ठेवली तर चेहरा करड्यापर्यंत उजळतो, म्हणजे आजोबा आहेत त्यापेक्षा गोरे होतात, आणि टोपी नुसता पांढरा डाग. स्टुडिओत हे मुद्दाम करतात. काकांनी मला कधीच सांगून ठेवलं होतं, "नवरी एक स्टॉप वर ठेवावीच लागते. नाहीतर अल्बम वापस येतो." गिऱ्हाईक 'गोरं करून द्या' म्हणतं आणि फोटोवाला देतो. हा दोष काही आपल्याच बाजारचा नाही. अमेरिकेत कोडॅक रंगीत फोटोंचे रंग तपासायला प्रयोगशाळांना जी कार्डं पुरवायची त्यांवर वर्षानुवर्षं गोऱ्या बाईचाच चेहरा असे. त्या चेहऱ्याला 'शर्ली' नावच पडलं होतं. त्या मापाने काळ्या लोकांचे चेहरे छापात नीट उतरत नसत, आणि पुढे फिल्म सुधारली गेली त्यात फर्निचर आणि चॉकलेट बनवणाऱ्यांच्या तक्रारींचा वाटा होता, कारण त्यांच्या लाकडाच्या आणि चॉकलेटच्या छटा फोटोत उतरत नव्हत्या. माणसांच्या तक्रारीपेक्षा चॉकलेटची तक्रार लवकर ऐकली गेली, याचं मला अजून नवल वाटतं.

काकांशी माझा वाद इथे झाला आणि तो मिटलेला नाही. ते म्हणतात, गिऱ्हाइकाला जे हवं ते द्यावं. माझं म्हणणं, म्हशीला करडी करणारं मीटर आणि नवरीला गोरी करणारा स्टुडिओ एकाच जातीचे. आजोबांच्या चेहऱ्यावर मी काडी उण्यात एक स्टॉप ठेवली. चेहरा रापलेला तसाच राहिला, सुरकुत्या जागच्या जागी, आणि टोपीची प्रत्येक चुणी दिसत होती. पडद्यावर त्यांना फोटो दाखवला. त्यांनी डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ बघितला आणि सुनेला हाक मारली. "टोपी धुतेली द्यायची ना गं. समदा मळ दिसू लागला फोटोत."

आता ऊन, सावली, कापूस आणि दगड यांच्यापुरतं मी काकांना विचारायला जात नाही. जाते ती फ्लॅशसाठी. शाळेच्या स्नेहसंमेलनात मंचावर रंगीत एलईडी दिवे होते, फोटोत आडव्या पट्ट्या आल्या, म्हणून फ्लॅश लावला. १/६० ला घेतलेल्या फोटोत नाचणारी पोरगी नीट उजळलेली, मागचा पडदाही दिसतोय. १/२०० केलं तर पोरगी तेवढीच उजळ आणि पडदा काळोखात गडप. म्हणजे एकाच फोटोत शटरने पडद्याचा प्रकाश कापला आणि पोरीला हात लावला नाही. फ्लॅशचा झोत १/२०० सेकंदापेक्षाही कितीतरी कमी वेळात संपतो, त्यामुळे शटर त्याला कापू शकत नाही, त्याचं एक्स्पोजर अपर्चर आणि आयएसओनेच बदलतं, एवढं काकांनी काउंटरवरून सांगितलं. म्हणजे एका चौकटीत दोन वेगळी एक्स्पोजरं? मी वही काढली. तर ते म्हणाले, "मॅडम, आता लग्नसराई सुरू आहे. एक काम करा, रविवारी माझ्यासंगं ऑर्डरीला चला. कॅमेरा तुमचा, फ्लॅश माझा. नवरी मात्र एक स्टॉप वर."